पावसाळा लागल्यापासून वाखाच्या पॅनेलला भोकं आणि पापुद्रे येतायत, काय चुकतंय?

खानापूर_वाख
५ जुलै, रात्री ९.२०

नमस्कार. बेळगावजवळच्या खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची लहान शेड आहे. घायपाताचा वाख, म्हणजे पानांतला धागा, आणि पॉलिस्टर रेझिन वापरून मी शाळेच्या बाकांच्या पाठी करते. एक पॅनेल ४५० बाय ३०० मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटर. वाख आसपासच्या गावांतल्या बायका आणून देतात. बांधावरचा घायपात तोडायचा, पानं ठेचून गर काढायचा, धुऊन वाळवायचा, सगळं हातानं. १०० किलो पानांतून तीन-चार किलो वाख हाती लागतो, त्यामुळे त्यातला एक पेंडका वाया गेला तरी जिवाला लागतं. शेडमध्ये मला धरून आम्ही चौघी. साचा लोखंडी, वर स्क्रू प्रेस. साचा गरम करायची सोय नाही, रेझिन हार्डनरवरच घट्ट होतं.

फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत माल छान निघाला. १०० पॅनेलांत तीन-चार बाजूला पडायची. मृगाचा पाऊस लागला आणि सगळं बिघडलं. गेल्या आठवड्यात ६० केली, त्यांतली २३ नापास. दोष काय ते नीट सांगते. नखाएवढे पांढरट डाग पडतात. पॅनेल उजेडाकडे धरलं की त्या डागात वाखाचा धागा न् धागा सुटा दिसतो, रेझिननं तो धरलेलाच नसतो. दुसरं म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, ती कडेपेक्षा मधोमध जास्त. आणि कडेला चाकूचं टोक घातलं तर पापुद्रा उचलला जातो. आतून निघणारा वाख कोरडा, त्यावर रेझिनचा मागमूस नाही.

रेझिन देणारा म्हणतो, तुमचा वाख खराब. बायका म्हणतात, वाख तोच, हात तेच. पावसात लवकर घट्ट होईना म्हणून मी हार्डनर १.५ टक्क्यावरून २.५ टक्के केला. घट्ट झालं, पण पॅनेल इतकं तापलं की हात ठेवता येईना, आणि भोकं आणखी वाढली.

जुलैअखेर ४०० पॅनेलं द्यायची आहेत. परत आलेली थप्पी दारातच आहे, येता-जाता नजर तिकडेच जाते. बायकांचे पैसे मी अडवू शकत नाही, आणि चूक त्यांची आहे असं मला वाटतही नाही. कुणी हे काम केलं असेल तर नेमकं सांगा.

निपाणी_टाक्या
५ जुलै, रात्री १०.०५

आम्ही ग्लास मॅटच्या टाक्या करतो. वरच्या बाजूला सरफेस टिश्यूचा, म्हणजे पातळ जाळीचा, एक थर द्या आणि गडद रंगाचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा रंगीत वरचा थर, मारा. डाग, भोकं काही दिसणार नाही. डिलिव्हरी तर होऊन जाईल.

उद्यमबाग_साचे
६ जुलै, पहाटे ५.५०

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. निपाणीचे भाऊ मदतीच्या पोटीच सांगायलेत, पण वरनं झाकू नका. त्या पाठीला पोरं रेलणार, बाक ओढणार, वर्गात पाणी सांडणार. आतला पापुद्रा आज झाकला तर सहा महिन्यांनी उघडा पडणार, आणि तवा तुमचं नाव जाणार.

मी उद्यमबागेत २२ वर्षं फौंड्रीत मोल्डिंगला होतो. आता पाच वर्षं फायबरचं स्वतःचं काम करायलोय, त्यात तीन वर्षं वाख आणि ताग. फौंड्रीत वाळूला ओल जास्त झाली की कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत भोक, येतंय. मेटल ओतलं की ओलीची वाफ होती, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती मेटलमधेच अडकती. तुमच्या पॅनेलात तेच चाललंय. फरक एवढाच, तिथं पाणी वाळूत असतंय, तुमच्याकडं वाखात.

काच पाणी पीत नाही, म्हणून टाकीवाल्यांना हे दुखणं फारसं होत नाही. वाख, ताग, अंबाडी, केळीचा सोप, ही सगळी झाडाची अंगं. हाताला वाख कोरडा लागतोय म्हणून तो कोरडा आहे असं नाही. उन्हाळ्यात सुद्धा तो थोडं पाणी धरून असतोच, आणि आपल्या जुलैच्या हवेत शेकडा १२-१५ पर्यंत जातोय. बायका खरंच सांगत्यात. वाख तोच आहे, हवा बदलली.

आता उद्या एकच काम करा. दुसरं काही बदलू नका. एका पॅनेलला लागतो तेवढा वाख काट्यावर तोला, समजा २०० ग्रॅम. तो गरम हवेत वाळवा आणि तासातासानं वजन घ्या. दोन वजनं सारखी आली की थांबा. जेवढं कमी झालं तेवढं पाणी तुम्ही रोज साच्यात घालत होता. १ ग्रॅम पाण्याची वाफ झाली तर तिला दीड लिटरच्या वर जागा लागती, आणि तुमचं अख्खं पॅनेल सगळं मिळून अर्ध्या लिटरचं. सगळं पाणी उकळत नाही, पण थोडं उकळलं तरी भोकं पडायला पुरतंय. भोकं मधोमध का जास्त, तर कडेची ऊब लोखंड ओढून घेतंय, मध्यावर ती साठती. हार्डनर वाढवून तुम्ही खालचा जाळ मोठा केला. परत १.५ वर या. ओल गेली की सेट पण नीट होईल, कारण पाणी रेझिनच्या सेट होण्याला सुद्धा आडवं येतंय.

वाळवायला ओव्हन नसला तर नवीन घेऊ नका. तुमच्या भागात काजूचे कारखाने आहेत. काजूगर वाळवायच्या ड्रायरला ७० अंशाच्या आसपास हवा असती. रात्रीचा एखादा ड्रायर भाड्यानं मिळतोय का बघा. फक्त नुसत्या पाण्यानं धुतलेला वाख तिथं न्या, केमिकल लावलेला नेऊ नका, खायच्या वस्तूची जागा आहे. स्वतःचा ओव्हन कराल तवा ८० ते १०० अंश ठेवा. १५० च्या पुढं नेऊ नका, वाख तांबूस होऊन ठिसूळ होतोय.

आणि वाळवलं म्हणजे काम झालं असं नाही. माझी गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी पंपाच्या ४० झाकणांचं काम मिळालं होतं. वाख कोअर ओव्हनमधे रात्रभर वाळवला, सकाळी काढून कोब्यावर पसरून ठेवला आणि दुपारी जेवून कामाला लागलो. ४० च्या ४० झाकणांना फोड. मला कळेचना. मग एक मूठ ओव्हनमधून काढून सरळ काट्यावर ठेवली, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा होता. आकडा माझ्या डोळ्यादेखत चढायला लागला. त्या दिवसापासून वाख ओव्हनमधून निघाला की गरम आहे तवाच जाड पॉलिथिनच्या पिशवीत, तोंड बांधून. एका पिशवीत एकाच पॅनेलचा वाख. पिशवी उघडली की पाच मिनिटांत तो रेझिनखाली गेला पाहिजे.

खानापुरात कुंभारकाम जुनं आहे, तुम्हाला मी काय सांगणार. ओलं मडकं भट्टीत कुणी लावत नाही.

खानापूर_वाख
६ जुलै, रात्री ८.४०

काका, सकाळी तुमचं वाचलं आणि लगेच कामाला लागले. ओळखीच्या काजू कारखान्यात ड्रायर मिळाला. २०० ग्रॅम वाख ठेवला. पहिल्या तासाला १८६, मग १७९, मग १७५, मग १७४ आणि पुन्हा १७४. म्हणजे २६ ग्रॅम पाणी! माझ्या हातून रोज एवढं पाणी साच्यात जात होतं. वजनं लिहिलेला कागद शेडच्या भिंतीला चिकटवला आहे.

आता तीन शंका. मला कुणीतरी सांगितलं की वाखाला कॉस्टिक सोडा लावल्याशिवाय रेझिन धरतच नाही. खरं आहे का? दुसरं, जुना व्हॅक्यूम पंप विकायला आलाय, तो घेतला तर भोकं जातील का? तिसरं, आत किती पोकळ्या राहिल्या हे पॅनेल न फोडता कसं कळेल? चाकू घालून घालून चांगली पॅनेलंही मी खराब करतेय.

हिंडलगा_मटेरियल
६ जुलै, रात्री १०.३०

ताई, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट याच विषयावर आहे. तुमची तिसरी शंका मी घेतो.

काचेच्या फायबरला सोपी पद्धत आहे. तुकडा भट्टीत जाळतात, रेझिन जळून जातं, काच उरते, तिचं वजन करून पोकळीचा हिशोब काढतात. वाखाला हे चालत नाही, कारण रेझिनबरोबर वाखही जळतो. म्हणून वाख साच्यात घालण्याआधीच तोलून लिहून ठेवावा लागतो, आणि ते तुम्ही सुरू केलंच आहे. पुढचं गणित पाचवीतलं आहे.

तुमच्या पॅनेलचं आकारमान ४५ गुणिले ३० गुणिले ०.४, म्हणजे ५४० घनसेंटिमीटर. वाख कोरडा १७४ ग्रॅम. घायपाताची घनता साधारण १.४५ धरा, म्हणजे वाखानं व्यापलेली जागा १२०. तयार पॅनेल कडा साफ करून तोला. त्यातून १७४ वजा केले की उरलं ते रेझिन. घट्ट झालेल्या पॉलिस्टरची घनता १.२ धरा, वजनाला त्यानं भागा. दोन्ही जागांची बेरीज ५४० ला जेवढी कमी पडेल तेवढी आत हवा. फक्त जाडी व्हर्नियरनं पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या, ४ म्हणून धरून चालू नका. जाडीत ०.२ ची चूक झाली तरी उत्तर ५ टक्क्यांनी हलतं.

नापास झालेल्या एखाद्या पॅनेलचं वजन सांगाल का?

खानापूर_वाख
७ जुलै, सकाळी ७.१५

तीन नापास तोलली, ६२७, ६३१, ६२४. जाडी सरासरी ४.० आहे, साच्याला जाडी राखणारे थांबे आहेत.

हिंडलगा_मटेरियल
७ जुलै, सकाळी ७.५०

६२७ धरू. रेझिन ४५३ ग्रॅम, जागा ३७७. त्यात वाखाचे १२०, बेरीज ४९७. ५४० पैकी ४३ घनसेंटिमीटर हवा, म्हणजे सुमारे ८ टक्के. आत अडकलेलं पाणी यात वेगळं धरलेलं नाही, म्हणून उत्तर अंदाजाचं आहे. पण एका पॅनेलची दुसऱ्याशी तुलना करायला पुरेसं आहे. यापुढे नुसतं वजन बघूनही कळेल. तेवढाच वाख, तेवढीच जाडी आणि वजन ६५० च्या खाली, तर ते पॅनेल बाजूला ठेवा.

उद्यमबाग_साचे
७ जुलै, दुपारी १.३०

पोरानं झकास सांगितलं. मी इतकी वर्षं टिचकी मारून बघायचो. मडकं घेताना मारत्यात तशी, रुपयाच्या नाण्यानं पॅनेलवर बोटाबोटाच्या अंतरानं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर खाली पापुद्रा सुटलाय. दोन्ही करा ताई. वजनानं आत किती हवा आहे ते कळतंय, नाण्यानं ती कुठं आहे ते कळतंय. बद्द वाजलेल्या जागेला खडूनं गोल करा. १० पॅनेलांवर गोल एकाच जागी यायला लागले की समजायचं, दोष वाखाचा नाही, साच्याचा नाहीतर हाताचा आहे.

आता कॉस्टिक सोड्याचं. खरं आहे, पण अर्धं. वाखाच्या अंगावर मेण आणि गराचा पातळ थर असतोय. सोड्यानं तो निघतोय, अंग खरबरीत होतंय, रेझिन धरून बसतंय. जॉन मर्सरनं १८५० मधे सुताला सोडा लावायचं पेटंट घेतलं, त्याच जातीचं हे काम. पण ओल गेल्याशिवाय सोडा लावून काही मिळत नाही. आधी वाळवणं पक्कं बसू दे, मग सोड्याकडं या. लावायचा तवा १०० लिटर पाण्यात ५ किलो, त्याच्या वर नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, अंगावर उडतंय. चष्मा आणि रबरी हातमोजे चौघींना. दोन तास बास. नंतर इतकं धुवा की लिटमस बदलू नये, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. सोडा आत राहिला तर तो पॉलिस्टरलाच खातोय, मग सहा महिन्यांनी पॅनेल मऊ पडतंय. आणि ते पाणी ओढ्याला सोडू नका वो. मलप्रभा तुमच्याच कणकुंबीत उगवती, खाली सौंदत्तीपर्यंत लोक पित्यात. टाकीत साठवून, आम्लानं मारून, मगच त्याची विल्हेवाट लावा.

गर नीट निघालाय का हे मात्र आजपासून बघा. ओला असताना वाख फणीनं विंचरला की हिरवट खपली निघती. ती राहिली तिथं पांढरा डाग येणारच. बायकांना पेंडक्यामागं दोन रुपये जास्त द्या आणि विंचरून मागा. वाळवण्याच्या खालोखाल फायदा यातच आहे.

व्हॅक्यूम पंप आत्ता घेऊ नका. ओल्या वाखावर व्हॅक्यूम लावला तर उलटंच होतंय. दाब कमी झाला की पाणी थंडपणीच उकळतंय, बुडबुडे आणखी वाढत्यात.

हिंडलगा_मटेरियल
७ जुलै, दुपारी ३.००

काकांना जोड. ३० अंशाला पाण्याचा वाफदाब ३२ मिलिमीटर पाऱ्याएवढा असतो. दाब त्याच्या खाली गेला की पाणी उकळतं. आणि पुढे कधी पंप घेतलात तर एक ध्यानात ठेवा. बेळगाव परिसर समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास आहे. इथे हवेचा दाबच सुमारे ६९५ मिलिमीटर असतो. गेजवर ७६० कधीच दिसणार नाही, आणि ते दिसत नाही म्हणून पंपात दोष आहे असं समजून दुरुस्तीला पैसे घालू नका. आमच्या लॅबमध्ये एक अख्खा दिवस यात गेला होता.

निपाणी_टाक्या
७ जुलै, संध्याकाळी ६.४५

ताई, परवा मी घाईत लिहिलं, झाकण्याचा सल्ला मागे घेतो. पण रेझिनचं काम २० वर्षं करतोय, म्हणून एक कळकळीनं सांगतो. तुमच्या चौघींत हार्डनर कोण मिसळतं? कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते द्रावण, आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मग हार्डनर. दोघांची मापं वेगळ्या रंगाची ठेवा. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एका पोरानं एकच माप दोन्हीला वापरलं होतं. हात भाजला त्याचा.

आणि रेझिन ड्रिलला पंखा लावून घुसळत असाल तर बंद करा. त्यातूनच निम्मी हवा आत जाते. लाकडी पट्टीनं, तळाला टेकवून, सावकाश ढवळा. हार्डनर घालण्याआधी १० मिनिटं बादली तशीच राहू द्या, हवा वर येऊन फुटते.

उद्यमबाग_साचे
७ जुलै, रात्री ९.१०

हे एकदम बरोबर. साच्यात भरायचं पण बदला. तुम्ही वाख पसरून वरनं रेझिन ओतत असणार, बहुतेक जण तसंच करत्यात. वरनं ओतलं की खालची हवा कोंडती. आधी साच्यात थोडं रेझिन पसरा, त्यावर वाख ठेवा, रेझिनला खालनं वर चढू द्या. हवा आपोआप वर निघती. १७४ ग्रॅमचे चार वाटे करा, एक आडवा, दोन उभे, वर परत आडवा. वर-खाली सारखं राहिलं तर पॅनेल वाळून वाकडं होत नाही. गठ्ठा दिसला की बोटानं मोकळा करा, गठ्ठ्याच्या पोटात रेझिन शिरत नाही. प्रत्येक वाट्यावर दोन मिनिटं थांबा, रोलर मधून कडेकडं फिरवा.

प्रेस एकदम आवळू नका. पाव फेरा, थांबा, पाव फेरा. कडेनं रेझिन बुडबुड्यांसकट बाहेर यायला लागेल. बुडबुडे संपून नुसतं रेझिन यायला लागलं की मग पूर्ण आवळा. एका पॅनेलला चार मिनिटं जास्त लागतील, ती लागू द्या.

खानापूर_वाख
१४ जुलै, रात्री ८.०५

आठवडाभर लिहिलं नाही, कारण हातातलं संपवून मगच सांगायचं ठरवलं होतं.

सोडा नाही, पंप नाही. वाख विंचरून घेतला, ड्रायरमध्ये वाळवला, गरम असतानाच पिशव्यांत बांधला, हार्डनर १.५ टक्के, प्रेस पाव-पाव फेऱ्यानं. पहिली २० पॅनेलं केली, १९ पास. वजनं ६५८ ते ६६८ मध्ये. ६६४ च्या पॅनेलचा हिशोब मी स्वतः केला. रेझिन ४९०, जागा ४०८, वाख १२०, बेरीज ५२८. म्हणजे हवा १२, सव्वादोन टक्के. उत्तर बरोबर आहे ना, हिंडलग्याच्या दादा? काल-परवा आणखी ४५ केली, त्यांत दोन नापास. दोन्हींत बद्द आवाज डाव्या खालच्या कोपऱ्यात, खडूचा गोल एकाच जागी. साचा उलटा करून बघितला तर तिथला थांबा झिजलाय.

वाख आणणाऱ्या एका मावशींना काट्याजवळ बसवून १७४ चा आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरी, आम्ही पाणीच विकत होतो की तुला." आता त्या स्वतःच वाख चुलीच्या वर, माळ्याला टांगून ठेवतात, तिथला वाख २०० च्या जागी पहिल्यांदाच १८७ भरतो. ड्रायरचं भाडं त्यामुळे कमी आलं.

एकच राहिलं. बोल्टसाठी पॅनेलला चार भोकं पाडते, आणि कडा कटरनं सरळ करते. एक पॅनेल रात्रभर पाण्यात ठेवून बघितलं, तर मधे काही झालं नाही, पण भोकांभोवती आणि कडेला फुगलंय.

उद्यमबाग_साचे
१४ जुलै, रात्री ८.५०

ताई, वाचून फार बरं वाटलं. कापलं की वाखाची टोकं उघडी पडत्यात, आणि वाख आतनं नळीसारखा पोकळ असतोय, पाणी वातीसारखं वर चढतंय. कापल्यावर त्याच दिवशी, हवा लागायच्या आत, कडेला आणि भोकांच्या आत ब्रशनं रेझिनचा हात द्या, वाळला की दुसरा हात. भोकात तर कापूस बुडवून फिरवा. मग परत रात्रभर पाण्यात ठेवा आणि आधीचं-नंतरचं वजन लिहा.

झिजलेला थांबा काढून इकडं आणा, मी तोंड घासून सपाट करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. बुधवारी सकाळी या. येताना कडेला फुगलेलं पॅनेल पण घेऊन या, मला बघायचंय.